विजापूरची सहल उलट्या क्रमाने करा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सहलींचा मोसम सुरू झाला की सोलापुरातून विजापूरला जाणाऱ्या गाड्यांची रांग लागते. शाळा, महिला मंडळे, ज्येष्ठ नागरिक संघ, सुट्टीला आलेले पाहुणे, सगळ्यांचा कार्यक्रम ठरलेला असतो. सकाळी सातला निघायचे, वाटेत चहा-नाष्टा करायचा, साडेदहा-अकराला गोलघुमटाच्या फाटकात उतरायचे, वर जाऊन आरडाओरडा करायचा, खाली हिरवळीवर डबे सोडायचे आणि जमलेच तर तोफेजवळ फोटो काढून अंधार पडायच्या आत घरी यायचे. हा क्रम मुळातून चुकला आहे. शंभर किलोमीटरवर असलेली आदिलशाही सल्तनतीची राजधानी आपण तिच्या सर्वांत वाईट वेळी पाहतो आणि तिथली सर्वांत देखणी वास्तू, म्हणजे दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची कबर असलेला इब्राहिम रोजा, वगळून परत येतो. म्हणून हे पत्र थोडे सविस्तर लिहीत आहे.

सुचवायचे आहे ते एवढेच. विजापूर दुपारी सुरू करा, एक रात्र मुक्काम करा आणि गोलघुमट दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता पाहा.

सोलापूरहून लवकर जेवून बाराच्या सुमारास निघावे. रस्ता आता चौपदरी आहे. टाकळीजवळ भीमा ओलांडून झळकीमार्गे दोन तासांत, गर्दी असली तरी अडीच तासांत विजापूर येते. एसटीच्या आणि कर्नाटक परिवहनच्या बस दिवसभर मिळतात. होटगीवरून जाणारी रेल्वेही आहे. पण एक गोष्ट ध्यानात ठेवावी. रेल्वे स्थानक शहराच्या पूर्व टोकाला गोलघुमटाच्या बाजूला आहे, तर बसस्थानक त्याच्या बरेच पश्चिमेला, अर्क किल्ला म्हणजे जुन्या बालेकिल्ल्याजवळ आहे. बसने आलेल्या माणसाला इब्राहिम रोजा जवळ आणि घुमट लांब पडतो. दुपारी आधी पश्चिमेकडचे सगळे पाहावे हे त्यामुळेही सोयीचे ठरते.

पश्चिमेकडची सुरुवात शेरजा बुरुजावरच्या मुलुखमैदान तोफेपासून करावी. ही तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली. ओतणारा महंमद बिन हुसेन रूमी. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यात होती आणि १६३२ मध्ये आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने तिथून विजापूरला आणली. परांडा म्हणजे आपल्या बार्शीच्या पलीकडचा किल्ला. सुमारे ५५ टनांचे हे ओतीव धूड बैलांनी आणि हत्तींनी ओढत भीमेपार नेले, ते आपल्याच मुलखातून. लांबी साडेचौदा फुटांच्या आसपास. तोंडाशी उभे राहून नीट पाहा. सिंहाच्या उघड्या जबड्यात दातांखाली हत्ती चिरडला जातो आहे. मुलांना फोटोसाठी तोफेवर बसवण्याऐवजी हा जबडा दाखवावा. बोटाच्या पेराने हलकेच टिचकी मारली तर धातू घंटेसारखा निनादतो. दगडाने किंवा किल्लीने ठोकू नये. १८५४ मध्ये इंग्रजांच्या अमलात ही तोफ अवघ्या दीडशे रुपयांना लिलावात गेली होती आणि तो व्यवहार नंतर रद्द केला म्हणून ती आज जागेवर आहे, हेही मुलांना सांगण्यासारखे आहे.

जवळच उपळी बुरूज आहे. १५८४ मध्ये हैदरखानाने बांधलेला हा बुरूज सुमारे ऐंशी फूट उंच आहे. जिना बाहेरून वेटोळे घेत वर जातो आणि वर दोन लांबलचक तोफा आहेत, त्यांतली मोठी तीस फुटांहून लांब. गुडघे दुखत असतील त्यांनी खालीच थांबावे. पायऱ्या उंच आहेत आणि धरायला आधार कमी आहे. ताज बावडीसाठी दहा मिनिटे पुरतात. १६२० ची ही विहीर पाहताना दोन अष्टकोनी मनोऱ्यांमधली कमान आणि पाण्यापर्यंत उतरणाऱ्या पायऱ्या पाहायच्या.

साडेतीन-चारला मात्र इब्राहिम रोजाच्या फाटकात असायलाच हवे. या पत्रातली एकच सूचना कुणी पाळणार असेल तर ती ही पाळावी.

एका उंच चौथऱ्यावर समोरासमोर दोन इमारती आहेत, पश्चिमेला मशीद, पूर्वेला कबर आणि मध्ये हौद. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाचे निधन १६२७ चे. रोजाचे काम मुळात राणी ताज सुलतानासाठी काढले होते आणि स्थपती होता मलिक संदल. सकाळी सूर्य मशिदीच्या दर्शनी बाजूवर असतो आणि कबरीची मशिदीकडची भिंत सावलीत. दुपारी चारनंतर हे उलटते. तिरपे ऊन कबरीच्या पश्चिम भिंतीवर येते आणि दगडातली उठावाची अक्षरे, वेली, चौकटी एकेक करून वर येऊ लागतात. भर दुपारी डोक्यावरच्या उन्हात हीच भिंत सपाट दिसते. विजापुरात काही खास नाही असे म्हणणारे बहुतेक लोक इथे एक तर आलेलेच नसतात किंवा दुपारी बाराला आलेले असतात.

चप्पल-बूट काढूनच चौथऱ्यावर जायचे आहे. उन्हाळ्याकडे झुकलेल्या महिन्यांत दगड तापलेला असतो, तेव्हा पायमोजे जवळ ठेवावेत. आधी बाहेरून पूर्ण प्रदक्षिणा घालावी. मग कबरीच्या दालनात शिरून दाराशी दोन-तीन मिनिटे नुसते थांबावे. आत अंधार वाटतो आणि लोक लगेच मोबाइलची बॅटरी लावतात. तिथेच सगळे बिघडते. डोळे अंधाराला सरावले की खिडक्यांवरच्या जाळ्या दिसू लागतात. या जाळ्या नुसत्या नक्षीच्या नाहीत. अरबी अक्षरे दगडात तशीच राखून मधला दगड कोरून काढला आहे. बाहेरचा उजेड अक्षरांच्या फटींतून आत येतो आणि आतून पाहणाऱ्याला उजेडावर काळी अक्षरे दिसतात. बॅटरी लावली की अक्षरे विझतात.

मग मान वर करून छत पाहावे. दालन चाळीस फुटी चौरस आहे. भिंतींवरून छताच्या कडा गोलाई घेत आत येतात आणि मधला सुमारे चोवीस फुटी चौरस सपाट आहे. दगडी लाद्या कडेला कड लावून बसवल्या आहेत, खाली ना खांब ना तुळई. घुमट याच्या वर, वेगळा आहे. मशिदीच्या बाजूला छज्जाखाली लोंबणाऱ्या दगडी साखळ्या शोधायला मुलांना सांगावे. अखंड दगडातून कडीत कडी अडकवून घडवलेल्या आहेत, सुट्या कड्या जोडलेल्या नाहीत. साखळ्यांना हात लावून ओढून पाहायची सवय आहे लोकांना, ती आवरावी. तुटलेली कडी परत येत नाही.

या बादशहाविषयी दोन वाक्ये तिथेच सांगावीत. दख्खनी भाषेत त्याने रचलेल्या ‘किताब-ए-नवरस’ या गीतसंग्रहाच्या आरंभी सरस्वतीचे स्तवन आहे. मोतीखान नावाच्या आपल्या तंबोऱ्यावर आणि आतशखान नावाच्या हत्तीवरही त्याने लिहिले. १५९९ मध्ये शहराच्या पश्चिमेला तोरवीजवळ नवरसपूर नावाचे नवे नगर त्याने वसवायला घेतले आणि १६२४ मध्ये मलिक अंबरच्या फौजेने ते लुटून उद्ध्वस्त केले. तिथला संगीत महाल पडक्या अवस्थेत उभा आहे आणि तोरवीला नरसिंहाचे भुयारी देऊळही आहे. स्वतःची गाडी असेल आणि हाताशी जादा दिवस असेल तर जरूर जावे. एका मुक्कामाच्या सहलीत मात्र हे कोंबू नये.

मुक्कामाला किल्ल्याच्या भागात कर्नाटक राज्य पर्यटन महामंडळाचे मयूर आदिलशाही हॉटेल आहे, स्टेशन रस्त्याला लॉजही आहेत. शनिवार-रविवार आणि दिवाळीच्या सुट्टीत आधी खोली ठरवूनच निघावे. संक्रांतीला जाऊ नये. आपल्याकडे गड्ड्याची यात्रा असते त्याच सुमारास विजापुरातही सिद्धेश्वराची जत्रा भरते आणि गावात पाय ठेवायला जागा नसते. शुक्रवारही टाळावा. संग्रहालय बंद असते आणि जुम्म्याच्या नमाजामुळे दुपारी जामा मशीद पाहता येत नाही. जेवणासाठी साधी खानावळ शोधावी. ज्वारीची भाकरी, एण्णेगायी म्हणजे भरली वांगी, मोडाच्या कडधान्याची पल्या, शेंगाचटणी, घट्ट दही. शेंगाचटणी सोलापुरी जिभेला परकी वाटणार नाही, पण तिथली जास्त कोरडी की आपली, हे ज्याने त्याने ठरवावे.

दुसऱ्या दिवशी पावणेसहाला गोलघुमटाच्या फाटकाशी. सहाला आत सोडतात. मुक्कामाच्या ठिकाणी आदल्या रात्री वेळेची खात्री करून घ्यावी. मोठ्यांना तिकीट पंचवीस रुपये, ऑनलाइन काढल्यास वीस. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, मात्र वयाचा पुरावा म्हणून शाळेचे ओळखपत्र न्यावे. इब्राहिम रोजालाही हेच लागू आहे.

आत शिरल्यावर लगेच जिन्याकडे धावू नये. एका भिंतीच्या मध्यावर पाठ टेकून वर पाहावे. खालचे दालन १३५ फूट लांब, तेवढेच रुंद आहे, आणि वर आतून १२४ फूट व्यासाचा घुमट आहे, मध्ये एकही खांब नाही. चौकोनावर वर्तुळ कसे बसवले हे इथूनच कळते. आठ मोठ्या कमानी एकमेकींना छेदत वर जातात. एक चौकोन आणि त्यावर तिरका फिरवलेला दुसरा चौकोन डोळ्यांपुढे आणला की त्यांची रचना उलगडते. कमानींच्या छेदांमधून आत झुकलेल्या बांधकामाचे वजन आतल्या बाजूला पडते आणि घुमटाचा बाहेर रेटणारा जोर तोलला जातो. भिंती दहा फूट जाडीच्या आहेत. हा मकबरा ज्याचा, तो महंमद आदिलशहा १६५६ मध्ये गेला तेव्हा काम आवरते घेतले गेले. चौथऱ्यावर दिसतात त्या नुसत्या खुणेच्या कबरी, खरे दफन खाली तळघरात आहे.

जिने चार कोपऱ्यांतल्या सात मजली मनोऱ्यांत आहेत. पायऱ्या उंच, अरुंद, वळणांवर अंधाऱ्या. चढणारे आणि उतरणारे समोरासमोर आले की खोळंबा होतो आणि धक्काबुक्की इथेच होते. प्रत्येक मजल्यावर थांबायला जागा आहे. दम लागला तर तिथे बाजूला व्हावे, जिन्यात बसू नये. हृदयविकार असणाऱ्यांनी, गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी चढू नये. खालून पाहण्यासारखेही खूप आहे. गच्चीवर आल्यावर आधी शहर पाहा. सूर्य नुकताच वर आलेला असतो, तटबंदीचा सारा वेढा, जामा मशिदीचा घुमट आणि किल्ल्याकडच्या कमानी एका नजरेत येतात.

आता घुमटाच्या आतून गोल फिरणाऱ्या सज्जाविषयी, कारण सगळ्यांत जास्त खेळखंडोबा इथे होतो. सज्जा अकरा फूट रुंद आहे आणि आतल्या कठड्यापलीकडे शंभर फुटांहून खोल दालन आहे. मुलांना कठड्यावर रेलू देऊ नये. दोघांनी समोरासमोरच्या टोकांना जावे. दोघांनीही भिंतीलगत बसावे. बोलणाऱ्याने तोंड मधल्या पोकळीकडे न करता भिंतीला धरून वळवावे आणि अगदी हळू, कुजबुजत बोलावे. ऐकणाऱ्याने कान भिंतीजवळ न्यावा. शब्द घुमटाच्या वळणाने भिंतीला चिकटून साठेक मीटरचा पल्ला गाठतात आणि कानाशी कुणी बोलावे इतके स्पष्ट पोहोचतात. कागद फाडल्याचा आवाजसुद्धा पोहोचतो. ओरडण्याची काहीही गरज नाही.

टाळीचे गणित वेगळे. आवाज समोरच्या भिंतीवर आपटून परत यायला साधारण पाव सेकंद लागतो, परत जातो, परत येतो, आणि एका टाळीचे प्रतिध्वनी विरायला दोन-तीन सेकंद जातात. म्हणून एकाने एकच टाळी वाजवावी आणि सगळ्यांनी गप्प राहावे. मग मोजावे. प्रतिध्वनी सात येतात की दहा, याचे ठरावीक उत्तर सांगितले जाते, पण शेवटचे प्रतिध्वनी इतके क्षीण असतात की आकडा त्या क्षणी सज्जात किती शांतता आहे यावर ठरतो. अकरा वाजता वर्गातली पन्नास मुले एकदम किंचाळतात तेव्हा एकाचे प्रतिध्वनी विरायच्या आत दुसऱ्याचे सुरू होतात. मुलांच्या कानी नुसता कल्लोळ पडतो. ज्या गोष्टीसाठी एवढ्या पायऱ्या चढवल्या तीच ऐकू येत नाही, हे कुठल्याच शिक्षकाला पटू नये. सकाळी सहा ते साडेसात हा सज्जा शांत असतो. त्यासाठी तरी मुक्काम करावा.

भिंतींवर नावे कोरणाऱ्यांना आधीच बजावून ठेवावे. संरक्षित स्मारकाचे विद्रूपीकरण हा गुन्हा आहे आणि कायद्याने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. सज्जातल्या चुन्यावर खरवडलेल्या नावांत मराठी नावे कमी नाहीत, ही आपल्याला लाज वाटायला लावणारी गोष्ट आहे.

नाष्ट्यानंतर जामा मशीद. पहिल्या अली आदिलशहाने सुरू केलेली ही मशीद आजही वापरात आहे, तेव्हा अंगभर कपडे आणि शांतता पाळावी. फरशीवर नमाजासाठी आखलेले सव्वादोन हजारांच्या वर चौकोन आहेत आणि मेहराबाचे सोनेरी काम १६३६ चे आहे. पडदा असेल तर राखणदाराला विनंती करावी, स्वतः ओढू नये. तिथून किल्ल्याकडे जाताना मेहतर महालाच्या दारावरचे सज्जे पाहावेत. दगडाचे टेकू इतके बारीक घडवले आहेत की सुतारकाम वाटते. गगन महालाची मधली कमान साठ फुटांहून रुंद आहे. बारा कमान हा दुसऱ्या अली आदिलशहाचा अर्धवट राहिलेला मकबरा. असार महालाच्या आतल्या भागात स्त्रियांना प्रवेश नाही, हे मंडळांनी आधीच सांगून ठेवावे म्हणजे दारात वाद होत नाहीत. दहानंतर पुन्हा घुमटासमोरच्या नगारखान्यातले संग्रहालय पाहता येते.

गावातून फिरताना रस्त्याकडेला चौकोनी दगडी मनोरे दिसतात. लोक त्यांना कबरी समजतात. ते पाण्याचे गंज आहेत. तोरवीकडून आणि महंमद आदिलशहाच्या काळात १६५१ मध्ये बांधलेल्या बेगम तलावातून खापरी नळांनी पाणी शहरात येई. वाटेत या मनोऱ्यांत ते चढवले की नळांवरचा दाब कमी होई आणि गाळ खाली बसे. चार-चार दिवसांनी नळाला पाणी येणाऱ्या सोलापूरकरांनी एका गंजापाशी तरी थांबावे.

शाळांची अडचण माहीत आहे. मुक्कामाचा खर्च, परवानग्या, मुलींची सोय. त्यांच्यासाठी एका दिवसाचा पर्याय असा. पहाटे पावणेचारला निघून सहाला घुमटावर, साडेआठला जामा मशीद, मग मेहतर महाल आणि किल्ला, जेवण, भर उन्हात संग्रहालय, त्यानंतर तोफ आणि शेवटी चारला इब्राहिम रोजा. पाचच्या पुढे निघाले तरी साडेसात-आठला मुले सोलापुरात येतात. वर सज्जात एका वेळी पंचवीसपेक्षा जास्त मुले नेऊ नयेत. उरलेल्यांना खाली कमानींचे चित्र वहीत काढायला बसवावे, मग आलटून पालटून न्यावे.

आणि निघण्याच्या आठवडाभर आधी त्याच मुलांना आपला भुईकोट दाखवावा. सोलापूर हे आदिलशाही आणि निजामशाहीच्या भांडणाचे मूळच होते. एकदा आंदणात कबूल करून दिले नाही म्हणून लढाया झाल्या, आणि पुढे अहमदनगरची चांदबिबी पहिल्या अली आदिलशहाशी लग्न करून विजापूरला गेली तेव्हा सोलापूरचा किल्ला तिच्या आंदणात गेला. तो किल्ला पाहिलेली मुले विजापुरात चांद बावडीचे नाव ऐकतील तेव्हा ती कोणाची, हे त्यांना विचारावे लागणार नाही. आपल्या दैनिकाने सहलींच्या मोसमात मुख्याध्यापकांपर्यंत हा क्रम पोहोचवावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक,
दक्षिण कसबा, सोलापूर